चांगुणाबाई आणि न सांगितलेला व्हॉल

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून पुसलं. चांगुणामावशी म्हणाल्या होत्या, "लिही, पण शेषेरावदादाला गावानं परत हसावं असं लिहू नको," आणि शेषेरावदादांचं सांगायचं अन् हसू येऊ द्यायचं नाही हे कसं जमणार ते मला कळेना. मग परवा आमच्या वर्गात एक नवीन मुलगी आली, तिनं गाव सांगितलं हदगाव, आणि हदगाव म्हटल्याबरोबर मला राहवेना. रूमवर आले, बसले, लिहून टाकलं. चुका काढू नका. हसायचं तिथं हसा, पण शेवटपर्यंत वाचा, शेवटी तुमच्याकडं एक काम आहे.

तर आमचं गाव धामणसांगवी. एका अंगाला कंधार, दुसऱ्या अंगाला जळकोट, मधल्या माळावर आम्ही. लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हाची गोष्ट. त्याआधी साहेब उस्मानाबादला बसायचे, आणि उस्मानाबाद इतकं लांब की साहेब चुकून आलाच तर लोक त्याला पाव्हणा समजून जेवायला थांबवून घ्यायचे. लातूरला जिल्हा झाला तशी जीप सकाळी निघून दुपारच्या आत गावात येऊ लागली. अशाच एका जीपमधून उतरलेल्या साहेबानं पाण्याच्या टाकीखाली उभं राहून विचारलं, "गावात पाणी कोण सोडतं?"

"शेषेराव."

"आणि शेषेराव बिमार पडला तर?"

शेषेराव कधी बिमार पडलाच नव्हता. साहेब म्हणाला, अख्ख्या गावाचं पाणी एका माणसावर ठेवू नका, दुसरा माणूस तयार करा. आणि जीप गेली.

तो दुसरा माणूस म्हणजे चांगुणा. तिचा नवरा व्यंकट तळ्यातल्या विहिरीवर मोटार चालवायचा. त्याला काविळीनं नेलं, पदरात दोन लेकरं. सरपंच होते महादेवप्पा, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. आप्पा म्हणाले, व्यंकटच्या जागी तिला घेऊ, पण रानात मोटारीवर एकटी बाई नको, गावात पाणी सोडू द्या. रोजंदारीवर. गुढीपाडव्यापर्यंत एकटीनं सगळ्या गावाला पाणी देता आलं तर ठेवायची, न्हाई आलं तर दुसरं कुणी बघायचं. चांगुणाला शेत नव्हतं, माहेरी भाऊ नव्हता. ही चाकरी गेली तर लेकरं घेऊन उसाच्या टोळीबरोबर जाण्यापलीकडं तिच्याकडं काही नव्हतं.

आता चांगुणाची एक खोड सांगते. तिला लहानपणापासून "कसं काय?" विचारायची सवय. बापाची बॅटरी उघडून बघितली, शाळेतली घंटा उलटी करून बघितली. आई म्हणायची, या पोरीच्या तोंडात जीभ न्हाई, प्रश्न हाय. लग्न झाल्यावर व्यंकटला भाकरी घेऊन विहिरीवर जायची तेव्हा तिथंही तेच. व्यंकट चांगला होता बिचारा, कंटाळायचा नाही. त्यानं तिला एक गंमत शिकवली होती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीच्या पोटाला लावायचं आणि मूठ कानाला. "आतून काय म्हणून राहिली ते सांगती बघ मोटार," म्हणायचा. ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

शेषेराव तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. उंच, वाळका, खांद्यावर लोखंडी चावी. चावी म्हणजे कुलपाची नाही हां, कमरेपेक्षा उंच दांडा असतो, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण काढायचं, आतल्या व्हॉलवर ते तोंड बसवायचं आणि फिरवायचं, की त्या गल्लीला पाणी सुटतं. ती चावी शेषेराव कुणाच्या हातात देत नसे. चहाला बसला तरी मांडीवर आडवी.

पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, "गावात पाच व्हॉल हायत. दावतो. घाई करायची न्हाई."

पहिल्या झाकणाशी गेले. शेषेराव म्हणाला, "बाई, जरा तिकडं तोंड कर."

"का दादा?"

"व्हॉलला नजर लागती."

चांगुणा पाठ करून उभी राहिली. मागं करकर आवाज, मग झाकणाचा धप्प. वळली तर शेषेराव पुढं चालायला लागलेला.

दुसऱ्या झाकणाशी म्हणाला, "जा, बाजारगल्लीत नळाला पाणी आलं का बघून ये." ती जाऊन येईपर्यंत झाकण बंद. तिसऱ्याशी, "चहा सांगून ये." चौथ्याशी त्याला तिच्या लेकराची आठवण आली, "पोरगं रडून राहिलंय वाटतं, बघ जाऊन." पोरगं शाळेत होतं.

महिनाभर असंच. कोणी म्हणेल ही बाई भांडली कशी नाही. भांडली असती तर पाठ करून उभं राहायलासुद्धा मिळालं नसतं. ती पाठ करून कानानं बघायची. कोणता व्हॉल कोरडा करकरतो, कोणता गुळगुळीत फिरतो, कोणत्या झाकणाच्या कडेला चिखल ओला आहे. शेषेराव दुपारी जेवायला गेला की ती झाकण उचलून बघायची आणि परत होतं तसं ठेवायची. असं करत पाचही व्हॉल कळले. उजवीकडं फिरवलं की बंद, डावीकडं की खुला. मग ग्रामसेवकानं चावी दुसरी करून दिली तेव्हा ती वेशीकडची गल्ली, बाजारगल्ली, मशिदीमागची, कुंभारगल्ली आणि भीमनगर, एवढ्यांना एकटी पाणी देऊ लागली.

राहिली वरची गल्ली. ती काही सुटेना.

पाचही व्हॉल बंद केले की वर पाणी चढायला पाहिजे असं तिला वाटायचं. तिच्या पाळीला थेंब यायचा नाही. शेषेरावच्या पाळीला घागरी भरायच्या. तिनं विचारलं, "दादा, वरच्या गल्लीचं कसं काय?"

"तिथं व्हॉल न्हाई. तिथं दाबाचं काम हाय."

"दाब कसा करायचा?"

"दाब हाताला येत असतो बाई, वर्सानुवर्सं. सांगून येत न्हाई."

चांगुणानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. दाब हातात कसा काय असतो हे तिला त्या रात्री झोपेपर्यंत कळलं नाही, आणि न कळलेली गोष्ट म्हणजे तिच्या डोळ्यातलं कुसळ.

आता वरच्या गल्लीच्या तोंडाशी बाभळीखाली होता म्हसोबा. हातभर उंचीचा, शेंदूर फासलेला दगड. बहात्तरच्या दुष्काळात तो एका सकाळी तिथं दिसला असं म्हातारी माणसं सांगायची, जमिनीतून वर आला म्हणायची. शेषेराव त्याचा मोठा भक्त. सगळ्या गावाला माहीत होतं, म्हसोबाला तांब्याभर पाणी घातल्याबिगर शेषेराव वरच्या गल्लीचं पाणी सोडत नाही. पहाटे लोक उठायच्या आत जायचा, एकटा, चावी घेऊन. बाया सासरहून आलेल्या पोरींना सांगायच्या, भक्ती असावी तर अशी.

चांगुणा तिकडं कधी गेली नव्हती. छप्पन साली तिच्या बापानं घरातले देव टोपल्यात गोळा करून नदीला दिले, त्यानंतर त्या घरात कुणी दगडाला हात जोडले नाहीत. ती कुणाच्या देवाला नावंही ठेवायची नाही. म्हसोबा आला की अलीकडंच थांबायची, शेषेराव पलीकडं जायचा. दोघांनाही ते सोयीचं होतं.

मग दुष्काळ आला. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला, तळं मधोमध भेगाळलं, विहिरीत आडवे बोअर मारून जे पाझरेल ते टाकीत चढवायचं आणि चार दिवसाआड एकेका गल्लीला सोडायचं. गावात हिरवं म्हणून काही राहिलं नाही. बाभळीचासुद्धा पाला शेळ्यांनी ओरबाडला. आणि अशा दिवसांत एका दुपारी चांगुणाला दिसलं की म्हसोबाच्या बुडाशी हरळी उगवून राहिलीय. गच्च, हिरवीगार, आणि कुणाची तरी शेळी ती आरामात खातेय.

पारावरच्या चतुराबाईनं हात जोडले. "बघ गं चांगुणे, देवाचं सत्त्व. गाव वाळलं पण देवाचं अंगण हिरवं."

"हाव मावशी," चांगुणा म्हणाली. पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. देवाला तांब्याभर पाणी घालतात. तांब्याभर पाण्यात या उन्हात हरळी कशी काय टिकती? आणि देवाला जाताना माणूस चावी कशाला नेतो?

पुढच्या पाळीला तिनं एक काम केलं. शेषेराव वरच्या गल्लीचं पाणी सोडून चहाला गेला, तेव्हा ती म्हसोबापाशी गेली. हात जोडले नाहीत, दगडाला शिवली नाही. दगडापासून वीतभर अंतरावर ओल्या मातीत चावीचं तोंड टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

आत पाणी पळत होतं.

ती किती वेळ तशी वाकून उभी होती कुणास ठाऊक. मावशी मला हे सांगताना अजून हसतात. म्हणाल्या, "मला राग यायला पायजे होता गं. पण पयल्यांदा काय वाटलं माहितीय? वाटलं, काय डोकं लावलंय माणसानं." कारण विचार करा ना, गावातली माणसं त्या दगडाला भीतीनं हात लावणार नाहीत आणि चांगुणा तिच्या नेमानं जवळ जाणार नाही. याहून भारी कुलूप कुणी बनवावं?

दुसऱ्या दिवशी दोघं टाकीखाली बसले होते. चांगुणा सहज बोलल्यासारखी म्हणाली, "दादा, तुमच्या म्हसोबाला पडसं झालंय का?"

"का?"

"नाक गळून राहिलंय. खाली हरळी आली."

शेषेरावचा घास तोंडाशीच थांबला. मग त्यानं भाकरी फडक्यात बांधली, चावी उचलली आणि निघून गेला. चार दिवस तिच्याशी बोलला नाही. आणि सांगितलंही नाही.

चांगुणानं ठरवलं, पाडवा यायला अवकाश आहे, दादा आज ना उद्या सांगतील. पण झालं भलतंच.

शेषेरावच्या भाचीचं लग्न कंधारला होतं. जाताना त्यानं वरच्या गल्लीला घागरी भरून दिल्या, व्हॉल गच्च बंद केला, दगड वर नीट बसवला आणि गेला. त्याचा हिशोब असा, मी नसताना वर पाणी येणार नाही, गावाला माझी किंमत कळेल. त्याच वेळी आप्पांच्या डोक्यात आलं की पावसासाठी म्हसोबाला काहीतरी करावं, आणि शेषेराव एवढी भक्ती करतो तर तो यायच्या आत चबुतरा बांधून त्याला खूश करू. गवंडी बोलावला संगप्पा. वाळू आली, सिमेंट आलं.

चांगुणानं लांबून घमेली बघितली आणि पळत आली.

"संगप्पादादा, जरा थांबता का? शेषेरावदादा येऊ द्या."

"त्याला तर न सांगता करायचंय बाई."

"पर दगड... देव आदी हलवून बघा. खाली जमीन ओली हाय."

संगप्पानं थापी थांबवली. वाईट माणूस नव्हता तो, पण बोलला ते बोलला. "बाई, तुम्ही देव मानत न्हाई. मग आमच्या देवाचं तुम्ही कशाला सांगून राहिलात?"

भोवती दहा-बारा माणसं उभी होती. चांगुणा त्यांच्याकडं बघत राहिली. खरं काय ते तिच्या ओठावर होतं. पण ते तिच्या तोंडून निघालं तर त्याचं काय होईल हे तिला नीट कळत होतं. भीमनगरची बाई म्हणाली म्हसोबा खोटा, एवढंच गावात फिरलं असतं. व्हॉलबिल कुणी ऐकलं नसतं. ती मागं फिरली.

संध्याकाळपर्यंत चबुतरा तयार. वर दगड पक्का. आणि ओल्या सिमेंटवर संगप्पानं बोटानं कोरलं, म्हसोबाभक्त शेषेराव.

शेषेराव कंधारहून आला तो लग्नाचे लाडू घेऊन, खुशीत. बाभळीपाशी आला आणि जागेवर थांबला. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "काय शेषा, बरं केलं का न्हाई?"

"लई बरं केलं आप्पा," शेषेराव म्हणाला. लोक म्हणाले, भक्ताच्या डोळ्याला पाणी आलं.

वरच्या गल्लीची पाळी आली. शेषेराव पहाटे चबुतऱ्याभोवती फिरला, हातानं चाचपलं, काही उपाय नव्हता. त्यानं पाळी चांगुणावर ढकलली. "आज तू बघ, माझं अंग दुखून राहिलंय." पाणी आलं नाही. पुढची पाळीही तिच्यावर. आलं नाही. मग वरच्या गल्लीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन चावडीवर आल्या.

"दोन पाळ्या झाल्या आप्पा. लेकरं तहानेनं मरायची का?"

"हिला येतच न्हाई तर ठेवली कशाला?"

"दादा पाणी सोडत होता तवर कधी असं झालं न्हाई."

आप्पांनी चांगुणाकडं बघितलं. "बाई, तुझ्यावर राग न्हाई माझा. व्यंकट चांगला माणूस होता. पर परवा पाडवा हाय. तवर वर पाणी चढलं तर ठीक, न्हाईतर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

शेषेराव तिथंच बसला होता, चावी मांडीवर आडवी. चांगुणानं त्याच्याकडं बघितलं. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

दिवस मावळायच्या आत ती त्याच्या घरी गेली. लक्ष्मीबाई, म्हणजे शेषेरावची बायको, दारात तांदूळ निवडत होती. तिनं चांगुणाला बघितलं, नवऱ्याला बघितलं, सूप उचललं आणि जाता जाता म्हणाली, "लग्नावरनं आल्यापासून जेवण गोड लागंना यांना. तुमीच बघा काय झालंय."

चांगुणा उंबऱ्याबाहेर बसली. "दादा, एकच इचारायचं हाय. का?"

शेषेराव हातातली काडी मोडत बसला. मग बोलायला लागला तर थांबेना. म्हणाला, मला तरी कुणी दावलं? ही योजना बसवायला हैदराबादकडचा मिस्त्री आला होता, त्याला उस्ताद म्हणायचे. दोन वर्सं त्याच्या हाताखाली पाना धरला. व्हॉल बसवायची वेळ आली की म्हणायचा, पीठ करके खडा रह. जाताना म्हणाला, बेटा, जवर तुला एकट्यालाच ठाव हाय तवर तुला कुणी काढणार न्हाई. बहात्तर साली वरच्या गल्लीतले लोक रात्री झाकण फोडून व्हॉल फिरवायचे, म्हणून म्या दगड ठेवला, शेंदूर लावला. दुसऱ्या दिशी बघतो तर नारळ फुटलेला. मग म्या काय करू? बरंच झालं म्हटलं. अजून रोजंदारीवर हाय म्या. आता लातूर जवळ आलं, साहेब आला, म्हणतो दुसरा माणूस तयार करा. दुसरा तयार झाला की पहिला कशाला ठेवतेत?

"म्हणून मला पाठ करून उभं केलं."

"हाव."

"आन् मी घरी बसले तर?"

शेषेरावनं चावी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"दादा, हे मी बोलले तर गाव पेटंल. तुमी बोलला तर गाव हसंल. हसण्यानं माणूस मरत न्हाई."

"मरतंय," शेषेराव म्हणाला. "हसण्यानंच मरतंय."

चांगुणा उठली. म्हणाली, "माझी लेकरं लहान हायत. मी बोलणार न्हाई, भिऊ नका. परवा चावी पंचायतीत आणून देते." आणि गेली. तिनं काही धमकी दिली नाही, ओरडली नाही. मावशींना मी विचारलं, तुम्हाला खरंच वाटलं होतं ते सांगतील? म्हणाल्या, "न्हाई. मला तर त्या उस्तादाचं नवल वाटत होतं. त्याला कुणी पाठ करून उभं केलं आसंल?"

पाडव्याच्या सकाळी शेषेराव आप्पांच्या दारात उभा. रात्रभर झोपला नव्हता हे चेहऱ्यावरनं दिसत होतं.

"आप्पा, सपान पडलं."

"कसलं?"

"म्हसोबा आला. म्हणाला, मला इथं उकडतंय. लिंबाखाली न्या."

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. "आरं, चबुतऱ्याचं सिमेंट अजून पुरतं मुरलं न्हाई."

"म्हणूनच म्हणाला आसंल, लवकर न्या."

भक्तानं सांगितल्यावर कोण नाही म्हणणार? हलगी आली, हार आला. संगप्पा शिव्या देत पहार घेऊन आला. देव उचलून वाजतगाजत लिंबाखाली नेला. मागं राहिलेला चबुतरा शेषेराव म्हणाला फोडून टाका, रिकामा बरा दिसत न्हाई. संगप्पानं पहार घातली. सिमेंट निघालं, माती निघाली, आणि मातीखाली गंजकं, गोल, लोखंडी झाकण.

हलगी थांबली.

सगळं गाव झाकणाकडं बघतंय. मग शेषेरावकडं. मग त्याच्या खांद्यावरच्या चावीकडं. संगप्पानं पहार खाली ठेवली आणि हळूच चांगुणाकडं बघितलं.

शेवटी चतुराबाईच बोलली. "तरीच मेला देव पाण्याचा एवढा नादी."

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळ्या गावाला हसू आवरेना, आप्पासुद्धा धोतराचा सोगा तोंडाला लावून हसले. शेषेराव मान खाली घालून उभा. तो काही मेला नाही, पण कानापर्यंत लाल झाला होता.

आप्पा म्हणाले, "बरं, उघड आता. वर पाणी दे."

शेषेराव पुढं झाला तशी वरच्या गल्लीतली एक बाई म्हणाली, "त्याला कशाला? आज परीक्षा चांगुणाची हाय. तिला फिरवू द्या."

चांगुणानं झाकण काढलं. चावी बसवली. पाच व्हॉल तिला येत होते, हा सहावा. डावीकडं फिरवलं की खुला. तिनं जोर लावला. हलेना. पदर खोचला, पाय रोवले, अजून जोर लावला. आत कुठंतरी लोखंड कण्हलं.

शेषेराव बाजूला उभा. ओठ घट्ट मिटलेले. तिनं परत सगळं अंग घालून डावीकडं ओढलं. अजून एक हिसका बसला असता तर आतला रॉड तुटला असता, मग वरच्या गल्लीला वर्षभर पाणी नाही आणि चांगुणा कायमची घरी. आणि शेषेराव? व्हॉल तुटला बाईच्या हातानं, त्याच्यावर काहीच आलं नसतं.

"उलटा," तो म्हणाला.

इतकं हळू की तिला ऐकू आलं नाही. ती परत वाकली.

"उलटा आटा हाय त्याचा," शेषेराव मोठ्यानं बोलला, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. "सगळ्यांच्या उलटा. उजवीकडं फिरीव चांगुणे. सावकाश. अर्ध्यावर थांब, हवा निघू दे, मग पुरा खोल. म्होरं नेहमी असंच करायचं."

तिनं उजवीकडं फिरवलं. करकरलं, अडलं, मग सुटलं. जमिनीखाली घरघर झाली, जाड जनावर कूस बदलतं तशी. आणि वरच्या गल्लीतनं कुणीतरी ओरडलं, "आलं गं, आलं."

चांगुणानं चावी काढली. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "दादा, तोंड तिकडं करा आता. व्हॉलला नजर लागती."

हसला तो. पहिल्यांदाच.

पुढं कितीतरी दिवस पोरं त्याला विचारायची, दादा, रात्री सपान पडलं का? तो चिडायचा नाही, म्हणायचा, पडलं, तुझा बाप शाळेत नापास झाल्याचं. त्याला कुणी काढलं नाही. उलट लातूरच्या साहेबानं पुढच्या खेपेला दोघांना व्हॉल फिरवताना बघितलं, आणि उशिरा का होईना दोघंही कायम झाले. तो तिला घेऊन गावभर फिरला, कुठं पाइप वाकतो, कुठं दोन घरांच्या भिंतीखालून जातो, सगळं दावलं. म्हसोबा लिंबाखालीच आहे. लोक अजून नारळ फोडतात, आणि खरं सांगू का, त्या लिंबाखाली हरळी नाही तरी भक्ती कमी झालेली नाही.

आता काम सांगते.

चांगुणामावशींना निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. त्यांचे गुडघे गेले. पण एक गोष्ट त्यांना अजून झोपू देत नाही. सगळे सहा व्हॉल बंद केले तरी भीमनगरच्या कोपऱ्यातल्या हापशाशेजारच्या नळाला करंगळीएवढी धार येते. कसं काय? म्हणजे सातवा व्हॉल आहे कुठंतरी. शेषेरावदादा निवृत्त झाले त्या दिवशी मावशींनी त्यांना सरळ विचारलं होतं. दादा म्हणाले, "एक ठेवलाय मागं. न्हाईतर तू इचारायला कशाला येशील?" दर दिवाळीला मावशी विचारायला गेल्या, दर दिवाळीला ते हसले, बोलले नाहीत. मग लक्ष्मीबाई वारल्या, दादांना लेकीनं हदगावला नेलं. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. मावशींना बसची पायरी चढवत नाही.

गावात आता नवीन पाइपलाइन येणार आहे, सगळे रस्ते खोदणार आहेत, व्हॉल सापडेल की तोडून टाकतील काही सांगता येत नाही. मी मावशींना म्हटलं, सापडला तर बरंच की. त्या म्हणाल्या, "व्हॉल सापडंल गं. पर कुणी इचारलं न्हाई असं वाटू नये दादाला."

म्हणून, हदगावकडचं कुणी वाचत असाल तर प्लीज. बसस्टँडपासून बाजाराच्या रस्त्याला शेषेराव पाणीवाले म्हणून विचारा, लेकीचं घर दाखवतील. पंच्याऐंशीच्या आसपास वय आहे, दुपारी ओट्यावर बसलेले असतात. कानाशी जाऊन मोठ्यानं बोला, सांगा, धामणसांगवीची चांगुणा विचारून राहिली, सातवा कुठं आहे. ते सांगणार नाहीत बहुतेक. तरी विचारा. पण लवकर जा, या रविवारीच जमलं तर बघा.